बाहेर पडायच्या आधी चार वेळा जाऊन येते, तरी भरवसा नाही

पत्रातलं थोडक्यात: लिहिणारीचं वय ५३, ऑफिसात नोकरी, दोन मुलं, दोघंही मोठी. गेलं दीड वर्ष संडासची एकदम घाई लागते आणि टॉयलेट गाठेपर्यंत कधीकधी कपड्यातच होते. आठवड्यातून एकदा, वाईट आठवडा असला तर दोनदा. पातळ असलं की जास्त. गॅस तर आवरतच नाही. घरात कोणालाच माहीत नाही. नवऱ्याला संशय येऊ नये म्हणून पाठदुखीचं कारण सांगून वेगळ्या खोलीत झोपते. सकाळी काही न खाता ऑफिसला जाते, पाणी मोजून पिते, निघायच्या आधी चार-पाच वेळा टॉयलेटला जाऊन जोर करते, वास येईल या धास्तीने दिवसभर शुगर फ्री मिंट चघळते आणि दर वेळी अँटिसेप्टिक लिक्विडने खसखसून धुते. डायबेटिसला आठ वर्षं झाली, गोळीचा डोस "मागच्या वर्षी की त्याच्या आदल्या वर्षी" वाढवलाय. पहिली डिलिव्हरी चिमटा लावून झाली, बरेच टाके पडले होते, "पण त्याला आता २८ वर्षं झाली". भाचीच्या लग्नाला गेली नाही. थोरली मुलगी गरोदर आहे, चार महिन्यांनी डिलिव्हरी, आणि ती बसने सहा तासांवर राहते. प्रश्न दोन: नोकरी सोडावी का, आणि नवऱ्याला कळू न देता हे कसं निभवायचं. शेवटची ओळ: "वयच झालं, दुसरं काय."

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतं वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, कारण ज्या गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून टाकल्यात ना, टाक्यांचं, गोळीच्या डोसचं, मिंटचं, त्यातच अर्धं उत्तर पडलेलं आहे. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला, तुमचा नाही, आमचाच. मी डॉक्टर नाही, पण तीस वर्षं वॉर्डात नर्स होते आणि रोज सकाळी प्रत्येक पेशंटला "संडासला झालं का" हे विचारायचे, पण "थांबवता येते का" हे तीस वर्षांत मोजून किती जणांना विचारलं असेल? हाताच्या बोटांवर. आम्ही विचारत नाही, तुम्ही सांगत नाही, आणि मग प्रत्येकाला वाटतं की अख्ख्या जगात हे फक्त माझंच होतंय.

तर ते आधी मिटवू. हॉस्पिटलात नसलेल्या, घरीदारी हिंडत्या-फिरत्या मोठ्या माणसांत शंभरातल्या साधारण ७ ते १५ जणांना संडासवर पूर्ण ताबा नसण्याचा त्रास कमीजास्त प्रमाणात असतो. बायकांना आणि पुरुषांनाही. तुमच्या ऑफिसात चाळीस माणसं असतील तर हिशोब तुम्हीच करा, तिघं-चौघं तरी निघतील, आणि त्यांच्याकडे बघून तुम्हाला ओळखू येणार नाही, जसं तुमच्याकडे बघून त्यांना येत नाही.

आता "वयच झालं". वय वाढलं की हा त्रास वाढतो हे खरंय, पण वय हे कारण सांगून गप्प बसण्यासारखं कारण नाही, आणि ५३ ला तर अजिबातच नाही. वयाने काय होतं, आधी कुठेतरी झालेली मोडतोड झाकायची ताकद कमी होते. हे जरा उलगडून सांगते कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजतं.

खालच्या तोंडाशी दोन गोल स्नायू असतात, एकात एक. आतला स्नायू आपल्या हुकमाचा नाही, तो झोपेतसुद्धा आपोआप आवळलेला असतो, आणि बसल्याजागी जे बंद राहतं ते बहुतेक त्याच्यामुळे. बाहेरचा आपल्या ताब्यातला, घाई लागली की आपण आवळतो तो. त्यांच्या वर मागून गोफणीसारखा आणखी एक स्नायू असतो, तो आतड्याच्या शेवटच्या भागाला पुढे ओढून वाक देतो, पाण्याचा पाइप मुडपला की धार थांबते तसं. आणि हे सगळं चालवायला नसा, ज्या आत काय आलंय ते सांगतात. दिवसातून कितीतरी वेळा आतला स्नायू क्षणभर सैल होतो आणि तिथली नाजूक कातडी चाखून बघते, गॅस आहे की पातळ की घट्ट, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून तर माणूस चारचौघांत गॅस सोडायचा की नाही हे ठरवू शकतो. एवढी हुशार यंत्रणा आहे ती, आणि आपण तिच्याबद्दल बोलायलाही लाजतो.

चिमट्याच्या डिलिव्हरीत हा बाहेरचा आणि कधी आतलाही स्नायू फाटू शकतो. टाके घालतात, पण आतली फाट पूर्ण जुळली की नाही हे वरून दिसत नाही. तेव्हा तुम्ही २५ च्या होतात, बाकीच्या स्नायूंनी ते काम उचललं आणि तुम्हाला कळलंही नाही. मग पाळी जायचं वय आलं, स्नायू सैलावले, आठ वर्षांच्या डायबेटिसने नसा थोड्या बधिर केल्या असतील, आणि त्यात संडास पातळ व्हायला लागली. घट्ट असती तर कदाचित अजून दहा वर्षं निभलं असतं. हा माझा अंदाज आहे, निदान नाही, पण हा त्रास सहसा एका कारणाने येत नाही, दोन-तीन कारणं एकावर एक चढतात तेव्हा येतो, आणि त्यातलं एक जरी काढता आलं तरी बराच फरक पडतो. सगळ्यात सोपं काढता येण्यासारखं कुठलं? पातळपणा.

म्हणून गोळी. डायबेटिसची ती गोळी मेटफॉर्मिन असेल, आणि बहुतेक असेलच, तर पोट बिघडणं आणि पातळ होणं हा तिचा अगदी ओळखीचा दुष्परिणाम आहे, खास करून डोस वाढवला की. तुम्ही लिहिलंय मागच्या वर्षी की आदल्या वर्षी. जुनी चिठ्ठी शोधा आणि तारीख बघा. डोस वाढल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख जवळ जवळ आली तर ती चिठ्ठी तशीच्या तशी डॉक्टरांपुढे ठेवा. हळूहळू विरघळणारी, लाँग अॅक्टिंग गोळी येते, ती बऱ्याच जणांच्या पोटाला जास्त सोसते, किंवा डॉक्टर दुसरं औषध देतील. पण मनाने गोळी बंद करायची नाही हं, साखर चढली तर नसांचं आणखी नुकसान, म्हणजे पुन्हा तेच.

आणि ती मिंट. शुगर फ्री गोळ्यांत साखरेऐवजी सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल असलं काहीतरी असतं, ते आतड्यात नीट शोषलं जात नाही, तिथे पाणी ओढून घेतं आणि गॅस करतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात. म्हणजे बघा, वास येऊ नये म्हणून तुम्ही जे दिवसभर चघळताय त्यानेच गॅस आणि घाई वाढत असेल. मला पत्र वाचताना इथे हसू आलं, माफ करा, तुमच्यावर नाही, माणूस किती मन लावून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो यावर. मीही पाडलेत.

खरं सांगायचं तर मला तुमच्या पत्रात हेच जास्त दिसलं. त्रास एका बाजूला, आणि तो लपवायचा खटाटोप दुसऱ्या बाजूला, आणि त्या खटाटोपातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीने त्रासाला खतपाणी मिळतंय. सकाळी उपाशी जाता, मग दुपारी एकदम पोटभर जेवता. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं हा शरीराचा नियम आहे, जेवण जितकं मोठं तितका धक्का मोठा, म्हणजे ती घाई तुम्ही घरातून उचलून ऑफिसात नेऊन ठेवलीत. पाणी कमी पिता, पण आतड्यात दिवसाला ८-९ लिटर पाणी येतं त्यातलं प्यालेलं जेमतेम दोन लिटर असतं, बाकी सगळं लाळ, जठररस, पित्त असं शरीराचंच, तेव्हा दोन ग्लास कमी प्यायल्याने संडास घट्ट होत नाही, फक्त चक्कर येते. चार-पाच वेळा जाऊन जोर करता, त्या जोराने खालचे स्नायू आणि नसा ताणल्या जातात, शिवाय थोडंसं आलं की लगेच रिकामं करायची आतड्याला सवय लागते आणि थोडं साठवून धरायची त्याची तयारीच जाते. खसखसून धुता, त्याने कातडी सोलवटते, आग होते, ओल येते आणि मग वाटतं पुन्हा झालंच वाटतं. हे मी दोष द्यायला म्हणत नाहीये. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही, तुम्ही एकटीने अंधारात चाचपडत जे सुचलं ते केलंत, आणि ते सोडताना भीती वाटणार हेही मला माहितीये. म्हणून एका वेळी एकच सोडा. आधी मिंट. उद्यापासून. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मग एक वही घ्या. दोन आठवडे रोज चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजता झाली, कशी होती, घाई किती होती, कपड्यात झालं का आणि किती. सोबत काय खाल्लं आणि कुठली गोळी घेतली ते. कशी होती हे सांगायला ब्रिस्टल चार्ट नावाचा तक्ता आहे, १ म्हणजे खडे, ७ म्हणजे निव्वळ पाणी, ३-४ म्हणजे छान. आकडा लिहिला की झालं, वर्णन करायची लाज नको. हीच वही डॉक्टरांकडे न्यायची. आणखी एक लक्षात घ्या, कळतं पण थांबवता येत नाही हे वेगळं आणि कळतच नाही, कपडे बघितल्यावर समजतं हे वेगळं. पहिल्यात बहुतेकदा बाहेरच्या स्नायूचा दोष असतो किंवा आतडंच जास्त चिडकं झालेलं असतं, दुसऱ्यात आतल्या स्नायूचा किंवा नसांचा. तुमचं पत्र पहिल्या प्रकारातलं वाटतं, पण वही दोन्ही सांगेल.

डॉक्टरांना काय सांगायचं? खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच बोला: "मला संडास थांबवता येत नाही, कपड्यात होते, दीड वर्ष झालं." एवढंच. "पोट जरा बिघडलंय" म्हणालात तर ते जुलाब थांबवायची गोळी लिहून देतील आणि तुम्ही परत याल, मी असल्या शंभर चिठ्ठ्या पाहिल्यात. तोंडातून निघत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकवा, बरेच लोक तसं करतात. आधी तुमच्या डायबेटिसच्या डॉक्टरांकडे गोळीसाठी, आणि ते म्हणतील त्याप्रमाणे पोटविकारतज्ज्ञ किंवा गुदविकाराचे सर्जन. ते बोट घालून तपासतील, मिनिटभराचं काम असतं, आवळा म्हणतील, जोर करा म्हणतील. त्यातच बरंच कळतं. पुढे गरज लागली तर एक बारीक नळी घालून स्नायूंचा दाब मोजतात, आणि एक सोनोग्राफी असते आतून करायची, ज्यात २८ वर्षांपूर्वीची फाट चक्क गोलातल्या खिंडारासारखी दिसते. दोन्ही फार दुखत नाहीत, अवघडल्यासारखं होतं इतकंच. थायरॉइड, सीलिएक म्हणजे गहू न सोसण्याचा आजार, आतड्याची सूज, पित्ताशय काढलं असेल तर पित्तामुळे होणारे जुलाब, ही कारणंही ते बघतील. दुर्बिणीने तपासायला सांगितलं तर टाळू नका, खास करून रक्त पडत असेल, वजन कमी होत असेल, किंवा रात्री झोपेतून उठून पातळ होत असेल तर. आणि हे सगळ्यांसाठीच: बसायच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला अचानक बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, लघवी अडकली आणि संडासवरचा ताबा गेला, तर वही वगैरे काही नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीला जायचं, मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्या असू शकतात.

आता घरी काय करायचं ते. सकाळी उठून थोडं खा, गरम काहीतरी प्या आणि वीस-तीस मिनिटांनी टॉयलेटला बसा. सकाळी आतडं सगळ्यात जास्त हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल, गुडघे कमरेच्या वर, पुढे वाकून, जोर न करता, दहा मिनिटं बास. झाली तर झाली. यासाठी अर्धा तास लवकर उठावं लागेल, पण आत्ता चार फेऱ्यांत तेवढा वेळ जातोच आहे.

घाई लागली की पळायचं नाही. हे ऐकून वेडेपणा वाटेल. पण पळताना पोटावर दाब येतो आणि आवळायचं भान राहत नाही, म्हणून तर टॉयलेटच्या दारातच घात होतो, हे तुमच्या पत्रातही आहे बघा, "कडी लावेपर्यंत". घाई लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. लागली की उभं राहा किंवा बसलेल्या असाल तर बसूनच राहा, आवळा, श्वास सावकाश सोडा, लाट ओसरू द्या आणि मग चालत जा. याची प्रॅक्टिस घरी करायची, सुट्टीच्या दिवशी, टॉयलेटमध्येच बसून: घाई आली की एक मिनिट थांबायचं, जमलं की दोन, मग पाच. मग टॉयलेटच्या दाराबाहेर. आतड्याला साठवायला पुन्हा शिकवायचंय, त्याला आठवडे लागतात.

आवळायचा व्यायाम तुम्ही ऐकला असेल, केगल म्हणतात, १९४८ मध्ये अर्नोल्ड केगल नावाच्या डॉक्टरांनी बाळंतपणानंतर लघवी आवरत नाही अशा बायकांसाठी तो मांडला. तुम्हाला मागच्या बाजूचा करायचाय. गॅस अडवताना जे आवळतो ते आवळायचं आणि आत-वर ओढायचं, पाच मोजेपर्यंत, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू पाचाचे दहा. शेवटी पाच-सहा वेळा पटकन आवळ-सोड. कुल्ले, मांड्या, पोट घट्ट होत असेल किंवा श्वास रोखला जात असेल तर चुकतंय. बऱ्याच जणी आवळायच्या ऐवजी खाली ढकलतात आणि तीन महिने उलटाच व्यायाम करतात, म्हणून एकदा तरी पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे याच खालच्या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्टकडून बरोबर होतंय का ते तपासून घ्या. त्यांच्याकडे बायोफीडबॅक पण असतो, छोटा सेन्सर लावून तुमचं आवळणं स्क्रीनवर रेषेसारखं दिसतं, कधी कमी पडतंय ते डोळ्यांना कळतं. फरक कळायला दोन-तीन महिने धरा. तीन आठवड्यांनी काही झालं नाही म्हणून सोडू नका.

औषधात दोन गोष्टी. इसबगोल बद्धकोष्ठासाठी असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पातळ संडासला पण थोडा आकार येतो. एक चमचा रोज, आठवड्याने बघून वाढवायचा, पहिले काही दिवस गॅस होईल. तुमच्या गोळ्यांच्या वेळेपासून दोन तास लांब ठेवा. दुसरं लोपेरामाइड, ते आतड्याची धाव कमी करतं आणि आतल्या स्नायूला थोडं घट्टही करतं, जेवणाआधी अर्धा तास, छोट्या डोसपासून. पण हे डॉक्टरांना विचारूनच, आणि ताप किंवा रक्त असेल तर नाहीच. आणि ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, फार जास्त डोसने हृदयाचे ठोके बिघडतात. चहा-कॉफी, खूप तेलकट, दूध, यातलं कुठलं तुम्हाला बाधतं ते वही सांगेल, सगळंच बंद करून बसू नका.

कातडीसाठी: अँटिसेप्टिक बंद. कोमट पाणी, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही, वर झिंक ऑक्साइडचं क्रीम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. वासाचे वाइप्स नकोत. पाळीचे पॅड रक्तासाठी बनवलेले असतात, पातळ संडासला ते नीट पुरे पडत नाहीत, यासाठी वेगळे पॅड मिळतात, आणि ज्यांना आतल्या आत थोडंसंच झिरपतं त्यांच्यासाठी कापसाच्या छोट्या घड्याही चालतात. पर्समध्ये एक पाउच: एक पॅड, एक अंडरवेअर, पातळ सलवार, साध्या पाण्याचे वाइप्स, दोन झिपच्या पिशव्या, क्रीमची छोटी डबी. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दुसरा तसाच. पाउच आहे हे माहीत असलं की निम्मी घाई तिथेच कमी होते, कारण घाबरलं की आतडं आणखी जोरात धावतं, परीक्षेच्या दिवशी होतं तसं.

एवढं करून नाहीच भागलं तर पुढचे उपाय आहेत. फाटलेला स्नायू शिवतात, पण त्याचा फायदा बऱ्याच जणींत काही वर्षांनी ओसरतो हे आधीच माहीत असावं. कमरेच्या खाली नसांना हलके विजेचे ठोके देणारं छोटं यंत्र बसवतात, आणि त्यातली चांगली गोष्ट अशी की आधी काही दिवस ट्रायल घेऊन बघता येतं. पण ते पुढचं पुढे. आत्ता तुम्ही पहिल्या पायरीवरही उभ्या नाही आहात, आणि थेट नोकरी सोडायला निघालात.

म्हणून पहिल्या प्रश्नाला उत्तर: आत्ता नाही. गोळी बदलून, मिंट सोडून, तीन महिने व्यायाम करून मग परत विचारा. तोवर साहेबांना आजाराचं नाव सांगायची गरज नाही, "पोटाचा त्रास आहे, ट्रीटमेंट चालू आहे, मीटिंगमधून मध्येच उठावं लागेल" एवढं पुरतं, आणि दाराजवळची खुर्ची पकडा. नोकरी सोडून घरी बसलात तर त्रास घरी बसेल, जाणार नाही, आणि बाहेर पडायचं उरलंसुरलं कारणही जाईल.

दुसरा प्रश्न मला मान्यच नाही. नवऱ्याला कळू न देता कसं, हे विचारताय, पण त्यांना कळलेलं आहेच, काहीतरी बिनसलंय हे. वेगळी खोली, लग्नाला न येणं, अंगाला हात लावू न देणं. तुम्हीच लिहिलंय की हल्ली ते विचारतात "माझं काही चुकलं का". म्हणजे तुमच्या गुपिताचं त्यांनी एक उत्तर शोधलंय, आणि ते उत्तर खऱ्यापेक्षा वाईट आहे. तुम्हाला वाटतं त्यांना किळस येईल. येईलही कदाचित, पहिली दोन मिनिटं, माणूसच आहे. पण आत्ता त्यांना वाटतंय की बायको आपल्याला विटली. सगळं सांगायची गरज नाही, कपडे दाखवायची तर नाहीच, खाजगी ते खाजगीच राहू दे. रात्री दिवा घालवल्यावर, तोंड बघावं लागत नाही अशा वेळी, एवढंच: "तुमचं काही चुकलेलं नाही. मला पोटाचा एक त्रास आहे, संडास आवरत नाही कधीकधी. मला लाज वाटत होती. डॉक्टरांकडे जाणारे, सोबत याल का?" आणि त्यांना एक काम द्या. पुरुषांना नुसतं ऐकून घे म्हटलं की ते कावरेबावरे होतात, काम दिलं की बरं वाटतं. जुन्या चिठ्ठ्या शोधायला सांगा, डोसच्या तारखेसाठी. दुसऱ्या खोलीत झोपायचं असेल तर झोपा, पण खरं कारण सांगून.

हे वाचणारे बाकीचेही असतील, त्यांच्यासाठी थोडं. घरातल्या आजी-आजोबांना सतत थोडं थोडं पातळ होतंय आणि कळत नाहीये, तर ते जुलाब असतीलच असं नाही. आत कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपतं. आमच्या वॉर्डात एका आजोबांना तीन दिवस संडास बंद करायची गोळी दिली, दिली म्हणजे मीच दिली, आणि चौथ्या दिवशी कोणीतरी बोट घालून बघितलं तर आत दगड. ते अजून डोक्यातून जात नाही. चार वर्षांच्या पुढचं मूल चड्डीत करत असेल तर तिथेही बहुतेकदा हेच, बद्धकोष्ठ, ते मुद्दाम करत नाही, त्याला ओरडू नका. आणि पुरुषांनी हे बायकांचं दुखणं समजून पान उलटू नये, मूळव्याध-भगंदराच्या ऑपरेशननंतर, प्रोस्टेटच्या रेडिएशननंतर, मणक्याच्या दुखण्यात त्यांनाही होतं, उपाय जवळपास हेच.

आता सहा तासांची बस. चार महिने आहेत तुमच्याकडे, आणि ते पुरेसे आहेत. आदल्या दिवशी हलकं जेवण, निघायच्या दिवशी नेहमीसारखं सकाळचं बसणं, दाराजवळची सीट, पाउच मांडीवर, गडद रंगाचे कपडे. डॉक्टर हो म्हणाले तर लोपेरामाइड, पण त्याची चाचणी आधी एखाद्या रविवारी घरी घेऊन बघा, प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा नाही. शक्य असेल तर मध्ये कुठेतरी उतरून दोन टप्प्यांत जा, कोणी बक्षीस देत नाही एका दमात गेल्याचं. आणि त्याआधी एक तासाचा प्रवास करून बघा, मग दोन तासांचा.

मुलगीच ना ती, चिमट्याने झाली ती? मग पोचल्यावर एक काम तुमच्याकडे आहे. तिला टाके पडले तर डॉक्टरांना विचारा, फाट स्नायूपर्यंत गेली होती का, आणि नीट तपासूनच शिवलंय ना. आणि सगळे बाळाभोवती असतील तेव्हा दार लावून तिला हळूच विचारा, गॅस आवरतोय ना गं, घाई होत नाही ना. सहा आठवड्यांनी परत एकदा विचारा.